मासे पिकवले म्हणून समुद्र वाचतो का?

हिशोब ऐकायला सरळ वाटतो. माणसांना मासे हवेत, समुद्रातले मासे कमी होत चाललेत. मग मासे शेतात पिकवावेत तसे पिकवायचे आणि समुद्राला जरा उसंत द्यायची. किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीच्या बाजूने गेली कित्येक वर्षं हाच युक्तिवाद केला जातो. तो चुकीचा आहे असं नाही, पण मधल्या दोन-चार पायऱ्या गाळून केलेला आहे.

आधी आकडे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या नोंदींनुसार २०२२ साली पाळलेल्या जलचरांचं जगातलं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यांच्या पुढे गेलं: पाळलेले सुमारे ९ कोटी ४४ लाख टन, पकडलेले सुमारे ९ कोटी १० लाख टन. यातला निम्म्याहून जास्त वाटा गोड्या पाण्यातल्या तळ्यांचा आहे, तरी समुद्रातली आणि खाडीकाठची शेतीही थोडीथोडकी नाही. आता दुसरी बाजू. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पकडलेल्या माशांचा आकडा साडेआठ ते साडेनऊ कोटी टनांच्या आसपासच घुटमळतोय. १९७४ मध्ये ज्यांचा उपसा प्रमाणाबाहेर होतो असे माशांचे सागरी साठे १० टक्के होते. २०२१ मध्ये ते ३७.७ टक्के झाले. म्हणजे शेती कित्येक पटींनी वाढली, पण मासेमारी तिच्यासाठी मागे हटली नाही. पाळलेल्या माशांनी वाढती भूक भागवली. ही कमाई लहान नाही, पण समुद्राला उसंत मिळाली असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

एखादी मत्स्यशेती समुद्राला तारक की मारक हे ठरवताना बहुतेक चर्चा तीन गोष्टींवर होते: मासा खातो काय, त्याची पिल्लं येतात कुठून आणि शेती उभी आहे कुठे. चौथा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. बिघाड झाला की तो भोगतो कोण? माझ्या मते खरी मेख तिथेच आहे, पण तिथवर पोचायला आधीचे तीन ओलांडावे लागतात.

मासा वाढवायला मासाच लागतो

सॅमन, ट्यूना आणि हेकरूसारखे मासे मांसाहारी. त्यांना वाढवायचं तर मासळीची भुकटी आणि मासळीचं तेल लागतं. जगभरात पकडलेल्या माशांपैकी साधारण १ कोटी ७० लाख टन दरवर्षी याच कामाला जातात. त्यात सगळ्यात मोठा वाटेकरी म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरचा अँकोवेटा, बोटभर लांबीचा चंदेरी मासा. समुद्रपक्षी, सील आणि मोठे मासे सगळे त्याच्यावरच जगतात. शेती पिंजऱ्यात दिसते, पण तिचं चराऊ रान असतं हजारो मैलांवरच्या दुसऱ्याच कुणाच्या समुद्रात. शेजाऱ्याच्या विहिरीवर आपला मळा भिजवावा, तसला हा प्रकार.

पश्चिम आफ्रिकेत याची धग थेट माणसांना लागते. सेनेगल, गांबिया आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर तारलीच्या जातीचे स्वस्त मासे हेच गरिबांचं मुख्य अन्न. ते सुकवून आणि धुरवून विकणं हा तिथल्या बायकांचा धंदा. भुकटीचे कारखाने आले आणि तोच मासा होडीतून थेट कारखान्यात जाऊ लागला. माणसांच्या ताटातला मासा दळून परदेशी माशांच्या पुढ्यात टाकायचा आणि त्याला अन्नसुरक्षा म्हणायचं, हे काही पटत नाही.

न्यायाने बोलायचं तर इथे सुधारणाही मोठी झाली आहे. नॉर्वेत १९९०च्या सुमारास सॅमनच्या खाद्याचा जवळजवळ ९० टक्के भाग सागरी कच्च्या मालाचा होता. २०२० पर्यंत तो पावभागाच्याही खाली आला. बाकीची जागा सोयाबीन, गहू आणि मोहरीवर्गातल्या तेलांनी घेतली. हे काही समुद्रावरच्या मायेपोटी झालं नाही. शेती वाढत गेली आणि अँकोवेटा काही वाढेना, तशी भुकटी महागली. ज्याच्या खिशाला झळ बसत होती त्यानेच तोड शोधली. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोयाबीनसाठी जमीन कुठली मोकळी केली जाते, हा वेगळा प्रश्न उरतोच; ओझं समुद्रावरून उतरलं ते थोडंफार रानावर चढलं.

पिल्लं कुठून आणली?

पाळलेला म्हणून विकला जाणारा प्रत्येक मासा हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, जन्मलेला असतो असं नाही. ईल मासाच घ्या. समुद्रातून नद्यांकडे येणारी त्याची काचेसारखी पारदर्शक पिल्लं पकडायची आणि टाक्यांत वाढवायची, एवढीच ईलची शेती. प्रयोगशाळेत त्याचं जीवनचक्र पूर्ण करता आलं आहे, पण बाजाराला पुरेल इतकं बीज अजून तिथून येत नाही. तिकडे युरोपीय ईल अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिन ट्यूनाचंही तेच. मोठ्या जाळ्याने कळप घेरायचा, तो तरंगत्या पिंजऱ्यात वळवायचा, पिंजरा बोटीने संथ ओढत किनाऱ्यालगत आणायचा आणि काही महिने छोटे मासे चारून ट्यूना पुष्ट करायचा. किलोभर वजन चढवायला दहा किलोहून जास्त मासे खपतात. याला शेती म्हणण्यापेक्षा पकडलेला माल लठ्ठ करून विकणं म्हणावं. जपानच्या किंदाई विद्यापीठाने २००२ मध्ये अंड्यापासून अंड्यापर्यंत ब्लूफिनचं पूर्ण चक्र बंदिस्त पाण्यात करून दाखवलं, त्याला तीस वर्षांहून जास्त खटपट लागली.

कोळंबीच्या बाबतीत हाच प्रश्न गरिबीशी येऊन भिडतो. सुंदरबनात बायका आणि पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरून बारीक जाळी ढकलत चालतात. जाळ्यात येतो तो सगळा जिवंत गाळ: मासे, खेकडे आणि नाना जातींच्या कोळंबीची डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी पिल्लं. काठावर बसून त्यातली बागदा कोळंबीची पिल्लं एकेक करून वेचायची आणि उरलेलं चिखलात टाकून द्यायचं. हव्या असलेल्या एका पिल्लामागे नको असलेली कितीतरी मरतात. बांगलादेशने २००० साली या वेचणीवर बंदी घातली, पण ज्यांच्याकडे पोटापाण्याचं दुसरं साधन नाही त्यांचं जाळं नुसत्या कागदी बंदीने सुटत नाही. हॅचरीचं बीज स्वस्त आणि भरवशाचं मिळालं तरच ही वेचणी आपोआप उणावते.

खारफुटी तोडून केलेलं तळं

१९८० आणि ९०च्या दशकांत थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यांवर कोळंबीसाठी खारफुटी सपाट झाली. जागा सोयीची होती: सपाट जमीन, भरतीचं फुकट पाणी, आणि मालकी बहुधा सरकारची, म्हणजे कोणाचीच नाही. खारफुटीत माशांची पिल्लं वाढतात, ती लाटा अडवते, तिच्या चिखलात कार्बन साठतो, हे आता शाळेच्या पुस्तकातही असतं. ती तोडल्यावर खुद्द तळ्याचं काय होतं, ते मात्र कमी सांगितलं जातं.

खारफुटीच्या चिखलात हवा जात नाही. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट, मातीतलं लोह आणि कुजणारी पानं यांच्यापासून तिथे पायराइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज तयार होऊन साठत राहतं. पाण्याखाली आहे तोवर ते निरुपद्रवी. तळं खणलं, तोच चिखल उपसून बांध घातला, की पायराइटला पहिल्यांदा हवा लागते आणि त्याचं गंधकाम्ल होऊ लागतं. पाऊस पडला की हे आम्ल बांधावरून ओघळून तळ्यात उतरतं. पाणी आंबट होतं, कोळंबीची कवचं मऊ राहतात, कल्ल्यांवर गंजाच्या रंगाचा थर बसतो. मालक चुना टाकत राहतो. एखाद-दोन पिकं बरी येतात, मग पडती लागते.

त्यात रोग. व्हाइट स्पॉट हा विषाणू १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियात पसरला आणि १९९९ पर्यंत इक्वेडोरला पोचला. लागण झाली की आठवड्याभरात तळं रिकामं होतं. घाबरलेला मालक तळ्याचं पाणी खाडीत सोडतो, आणि खालच्या अंगाचा शेजारी त्याच खाडीतून आपल्या तळ्यात पाणी घेत असतो. पाच-दहा वर्षांत टाकून दिलेली तळी जगभरच्या किनाऱ्यांवर हजारोंनी आहेत. ज्याने पैसा घातला होता तो नवी खारफुटी शोधत पुढे गेला. खारट, आंबट जमीन आणि उघडा किनारा गावाच्या वाट्याला आला.

इंडोनेशियात मध्य जावातल्या देमाकच्या किनाऱ्यावर याचा शेवटचा अंक बघायला मिळतो. तिथे खारफुटी जाऊन तळी आली, भूजलाच्या उपशाने जमीन खचत गेली आणि समुद्र आत शिरून आधी तळी, मग घरं गिळत सुटला. तिथे आता फांद्या-काटक्यांचे सच्छिद्र बंधारे घालून गाळ अडवतात. काही तळेवाल्यांनी तळ्याचा नदीकडचा पट्टा सोडून दिलाय, म्हणजे तिथे खारफुटी आपणहून रुजेल. टाकलेल्या तळ्यात खारफुटी परत आणायची सगळ्यात भरवशाची रीत हीच: बांध योग्य जागी फोडायचा, भरती-ओहोटीला वाट द्यायची आणि बी वाहत येऊ द्यायचं. फोटोसाठी चिखलात ओळीने टोचलेली रोपं बहुधा वर्षभरात मरतात, कारण ती टोचलेली जागाच खारफुटीची नसते.

कायदेही झाले, कुठे लवकर, कुठे उशिरा. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये पारंपरिक पद्धती वगळून किनारा नियमन क्षेत्रातली, म्हणजे बांधकाम-उद्योगांवर निर्बंध असलेल्या किनारपट्टीतली, कोळंबीची तळी हटवायला सांगितलं. २००५ मध्ये स्वतंत्र कायदा करून प्राधिकरण नेमलं गेलं आणि नोंदणीच्या अटीवर ही शेती पुन्हा चालू राहिली.

औषध सुटलं, उवा सुटल्या नाहीत

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात स्वच्छ दिसतं ते नॉर्वेच्या खाड्यांत, कारण तिथे एकाच उद्योगाने एक दुखणं झटपट बरं केलं आणि दुसरं वर्षानुवर्षं रेंगाळत ठेवलं.

१९८०च्या दशकात तिथे पिंजऱ्यातल्या सॅमनमध्ये जिवाणूंचे रोग पसरले आणि औषधं खाद्यातून अक्षरशः ओतली गेली. १९८७ साली साधारण ४८ टन प्रतिजैविकं वापरली गेली, आणि उत्पादन होतं जेमतेम पन्नास हजार टनांच्या घरात. मग लस आली. आज समुद्रात सोडण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाला पोटात टोचलं जातं. हो, प्रत्येक पिल्लाला. आता उत्पादन वर्षाला सुमारे १५ लाख टन आहे आणि प्रतिजैविकांचा वापर एका टनाच्याही आत. इतकं लख्ख यश का मिळालं? आजारी मासा मालकाच्याच पिंजऱ्यात मरत होता.

आता उवांकडे बघा. सॅमनच्या अंगावर पोसणारी ही उवेसारखी कवचधारी परजीवी समुद्रात पूर्वीपासून आहे. निसर्गात तिचं गणित ऋतूवर चालायचं. हिवाळ्यात किनाऱ्यालगत मोठे सॅमन फार कमी, त्यामुळे उवाही कमी. वसंतात नदीतून सॅमनची वीस-एक ग्रॅमची पोरं समुद्राकडे निघाली की वाट बरीचशी मोकळी असायची. पिंजऱ्यांनी हे गणित मोडलं. नॉर्वेत एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात, आणि ते बारा महिने तिथेच असतात. उवेच्या मादीमागे दोन लांब दोरे लोंबतात, एकेका दोऱ्यात शेकडो अंडी. त्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर खाडीभर पसरतात. पिंजऱ्यातला चार किलोंचा मासा पाच-दहा उवा सहन करतो. नुकतंच नदीबाहेर आलेलं पोर दहा-बारा उवांनी मरतं, आणि ते मेलेलं कोणाच्याही वहीत लागत नाही.

म्हणून इथे सरकारला मध्ये पडावं लागलं. वसंतात, पोरं बाहेर पडायच्या दिवसांत, एका माशामागे सरासरी ०.२ प्रौढ मादी उवांपर्यंतच मुभा, एरवी ०.५. शिवाय २०१७ पासून सगळा किनारा १३ विभागांत वाटला आहे. उवांमुळे जंगली पोरं किती मरत असावीत याचा अंदाज घेऊन विभागाला रंग मिळतो: हिरवा असेल तर उत्पादन ६ टक्क्यांपर्यंत वाढवायची परवानगी, पिवळा असेल तर जैसे थे, लाल असेल तर ६ टक्के कपात. परवान्याच्या किमती बघता हा रंग म्हणजे कोट्यवधींचा मामला, त्यामुळे मोजमापावरून भांडणं होतातच. पण कल्पना मला दाद देण्याजोगी वाटते. कोणाच्याही वहीत न लागणारं पोर तिने मालकाच्या जमाखर्चात आणून बसवलं.

पळालेल्या माशांचा प्रश्नही याच जातीचा. पिढ्यान् पिढ्या भरभर वाढण्यासाठी निवडलेला पिंजऱ्यातला सॅमन नदीत शिरून जंगली सॅमनशी जुळला, की पुढची पिढी त्या नदीला साजेशी राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने अटलांटिक सॅमनला 'जवळपास संकटग्रस्त' गटात टाकलं, तेव्हा दिलेल्या कारणांत उवा आणि पळालेले मासे दोन्ही होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये एक अख्खा पिंजरा कोसळून अंदाजे अडीच लाख मासे सुटले. कंपनीने आधी सूर्यग्रहणाच्या भरतीवर खापर फोडलं. चौकशीत निघालं की जाळी वेळेवर साफ केलीच नव्हती. तिच्यावर वाढलेल्या शिंपल्यांचंच वजन शंभर टनांहून जास्त होतं, आणि तसल्या जड जाळीने प्रवाहाचा ताण धरला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने परक्या जातींची पिंजराशेती बंद करत नेण्याचा कायदा केला.

पिंजऱ्याखालचा तळ हा मात्र सुटण्यासारखा प्रश्न. विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य साचलं की तळाचा प्राणवायू संपतो, कुजक्या अंड्यासारखा वास धरतो आणि त्यावर जिवाणूंची पांढरी साय पसरते. जागा वर्ष-दोन वर्ष मोकळी ठेवली तर बहुतेक तळ सावरतात. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवताच्या कुरणांची गोष्ट वेगळी. ते गवत वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं, एकदा मेलं की माणसाच्या हयातीत परत येत नाही. तिथे पिंजरा दूर आणि खोल पाण्यात नेणं एवढाच उपाय. आणि मर्यादा कितीही शास्त्रशुद्ध ठरवली तरी ती पाळावी लागते: फिलिपिन्समधल्या बोलिनाओत ठरलेल्या संख्येच्या दुपटीने कुंपणं आणि पिंजरे झाले होते, तेव्हा २००२ मध्ये शेवाळ फुललं, प्राणवायू गेला आणि लोकांचे मासे ढिगांनी तरंगले.

ज्यांना पळता येत नाही

कालवं आणि शिंपले यांना खाद्य घालावंच लागत नाही. ते पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात. मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळतं. पण त्यापेक्षा मोलाची गोष्ट अशी, की कालव जे पाण्यात आहे ते सगळं पोटात घेतं. पाणी घाण झालं की माल विकता येत नाही. त्यामुळे कालवांचा शेतकरी पाण्याचा राखणदार होतो, त्याची इच्छा असो वा नसो.

जपानच्या केसेन्नुमा खाडीतले शिगेआत्सु हाताकेयामा हे याचं सगळ्यांत नावाजलेलं उदाहरण. नदीतून येणाऱ्या घाणीने खाडीत सूक्ष्म शेवाळ माजून पाणी लाल व्हायचं आणि कालवांचं मांस तांबडं होऊन माल फेकावा लागायचा. त्यांनी नदीच्या उगमाकडे बघितलं आणि १९८९ पासून मच्छीमारांना घेऊन मुरोने डोंगरावर झाडं लावायला सुरुवात केली. समुद्रातला माणूस डोंगरावर खड्डे खणतोय, हे तेव्हा अनेकांना विचित्र वाटलं. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. मच्छीमाराला धरण, कारखाना आणि शेतातलं खत यांच्याशी थेट देणंघेणं निर्माण करणारी ही शेती आहे. संरक्षित क्षेत्राच्या फलकाने ते होत नाही.

याचा अर्थ बिनखाद्याची शेती बिनधास्त कुठेही करावी असा नाही. हवाईच्या कानेओहे उपसागरात १९७०च्या दशकात प्रयोगासाठी आणलेलं समुद्री शेवाळ शेताबाहेर पसरलं आणि प्रवाळांवर चादर घालून बसलं. ते काढायला माणसांना पाण्यात बुडी मारून मोठ्या नळ्यांनी उपसावं लागलं. जात स्थानिक हवी, ही अट इथेही सुटत नाही.

नुकसान करणाऱ्याच्या दारात ते आणून टाकायचा एक मार्ग बाजारातूनही जातो. स्कॉटलंडमध्ये पिंजऱ्यांजवळ येणारे सील परवाना काढून गोळ्या घालून मारता यायचे. ज्या उद्योगात सील किंवा डॉल्फिनसारखे सस्तन प्राणी मुद्दाम मारले जातात त्याचा माल घेणार नाही, अशी अट अमेरिकेने घातली. अमेरिका मोठं गिऱ्हाईक. २०२१ च्या सुरुवातीला शेती वाचवण्यासाठी सील मारायचे परवाने बंद झाले आणि शेतकऱ्यांनी जास्त ताणाच्या, मजबूत जाळ्या बसवल्या. त्या आधीही मिळत होत्याच.

आता ब्रिटिश कोलंबियात याहून कडक प्रयोग येऊ घातलाय: कॅनडा सरकारने ३० जून २०२९ पासून तिथल्या समुद्रातले सॅमनचे उघडे जाळी-पिंजरे बंद करायचं जाहीर केलं आहे. मग मासे बंद टाक्यांत वाढवावे लागतील. उवा येणार नाहीत, मासे पळणार नाहीत, विष्ठा गाळून काढता येईल. पण पाणी फिरवत, गाळत आणि थंड ठेवत राहायचं तर वीज प्रचंड लागते, आणि पंप काही तास बंद पडला तर अख्खी टाकी मरते. आतापर्यंत समुद्राची भरती-ओहोटी हे सगळं काम फुकट करत होती. त्या कामाचं बिल पहिल्यांदाच मासे पिकवणाऱ्याच्या नावावर येईल, आणि ते भरून हा धंदा तिथे टिकतो का हे तेव्हाच दिसेल.